घोडीच्या पाठीचं माप

घोडी चावली, तेव्हा काटासाहेबांना राग आला नाही. संशय आला.

काटासाहेब हे वजनमापे खात्यातले निरीक्षक. त्यांचं खरं नाव कचेरीच्या हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच राहिलं; बाजारात, गल्लीत, इतकंच काय सासुरवाडीतसुद्धा सगळे त्यांना काटासाहेबच म्हणत. दुकानदारांच्या तराजूखाली हात घालून चिकटवलेली चुंबकं शोधण्यात तीस वर्षं गेली की माणसाचा स्वभाव थोडा तसा होतोच. त्यांच्या घरी दूध आधी मापात पडायचं आणि मग पातेल्यात. डॉक्टरांनी रक्तदाबाचा आकडा सांगितला, तर साहेब आधी यंत्र उलटं करून शिक्का बघत. अशा माणसाने वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी घोडी का घेतली, हा प्रश्न रास्त आहे, पण तो त्यांच्या पत्नीसमोर काढू नये. एक तांबडी घोडी होती, वस्तीबाहेरच्या तबेल्यात राहायची, आणि चार वर्षं दर रविवारी सकाळी साहेब तिच्यावर बसून तासभर फिरायचे. एवढं आपल्याला पुरे आहे.

त्या रविवारी साहेब खोगीर घेऊन जवळ गेले, तसे घोडीने कान मागे पाडले, मान वळवली आणि अगदी शांतपणे साहेबांचा दंड दातात धरला.

"हिला कोणीतरी शिकवलंय," दंड सोडवून घेत साहेब तबेलेवाल्याला म्हणाले.

"काय शिकवलंय?"

"मला चावायला."

तबेलेवाल्याने हातातली बादली खाली ठेवली. "साहेब, इथे अकरा जनावरं आहेत. मला त्यांना पाणी दाखवायला वेळ पुरत नाही. शिकवण्या कधी घेऊ? पाठ दुखत असेल तिची. डॉक्टरीणबाईंना बोलवा."

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी घोडीच्या पाठीवरून बोटं फिरवली. डाव्या बाजूला एका जागी बोट टेकताच घोडीची कातडी थरथरली आणि ती पाठ खाली दाबून घेऊ लागली. त्या जागी तांबड्या केसांत पांढऱ्या केसांचा एक ठिपका उगवला होता.

"खोगीर सतत टोचलं की तिथे असे पांढरे केस येतात," बाई म्हणाल्या. मग त्यांनी जुनं खोगीर गुडघ्यावर घेऊन दोन्ही हातांनी दाबलं. आतून करकर आवाज आला. "आतला लाकडी सांगाडा मोडलाय. हे टाकून द्या. तिच्या मापाचं, चांगल्या मालाचं दुसरं घ्या, आणि तोवर तिच्यावर बसू नका. हे असंच चालू राहिलं तर पुढे ती कोणालाच पाठीवर घेणार नाही. मग तुम्ही कितीही समजूत घाला."

"खोगीर कुठून घेऊ?"

"ते तुम्ही बघा. मापाचं असलं म्हणजे झालं."

साहेबांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. बाईंनी दुकानाचं नाव सांगितलं असतं तर त्यांचं कमिशन असणार हे उघड होतं. नाव सांगितलं नाही, म्हणजे प्रकरण त्याहून खोल असणार. मात्र घरी परतताना त्यांना त्या पाली-बिलीपेक्षा दुसरंच काहीतरी टोचत होतं. घोडी चावताना त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती नजर त्यांच्या ओळखीची होती. ते स्वतः किराणा दुकानात शिरताना तसेच बघत.

बातमी गल्लीत पसरायला अर्धा दिवस लागला. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक घोड्याच्या जवळ कधी गेले नव्हते. पण घोड्यावरचे शेकडो निबंध त्यांनी तपासले होते आणि त्या अधिकारात ते बोलत. "खोगीर जड घ्या," ते म्हणाले. "हलकं खोगीर म्हणजे हलका माल." पलीकडच्या शिंप्याचं मत होतं की दोन बोटं सैलच घ्यावं, वाढत्या अंगाचं आहे. घोडी नऊ वर्षांची आहे हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग आटेल. धुतल्यावर सगळंच आटतं."

शेवटी मेहुणा आला. साहेबांच्या पत्नीचा हा धाकटा भाऊ घरबसल्या वस्तू मागवण्यात तरबेज होता.

"भाऊजी, मापंबिपं कशाला घेत बसता? सर्व घोड्यांना बसणारं खोगीर मिळतं. हे बघा चित्र."

"सर्वांना बसणारं म्हणजे कोणालाच न बसणारं," साहेब म्हणाले.

"नाही बसलं तर परत घेतात."

"का घेतात? परत घेऊन ते त्याचं काय करतात?"

उत्तर साहेबांच्या पत्नीने दिलं. "अहो, मागवा ना एकदाचं! आठवडाभर जेवताना घोडीच्या पाठीशिवाय दुसरा विषय नाही या घरात." खोगीर मागवलं गेलं.

ते आलं, आणि पार्सल कचेरीत अडकलं. तिथे साहेबांचं जे झालं, ते सांगताना मुख्याध्यापकांना आजही हसू आवरत नाही. साहेबांना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. नियम असा होता की पार्सल देण्याआधी त्याचं वजन करायचं, पावतीवरच्या वजनाशी ताडून पाहायचं आणि मग सही घ्यायची. कारकुनाने खोका काट्यावर ठेवायला उचलला, तेवढ्यात साहेबांची नजर रिकाम्या काट्याकडे गेली. काटा शून्याच्या दोन रेघा पुढे उभा होता.

खरं तर साहेब त्या दिवशी रजेवर होते. पण चुकीचा काटा दिसल्यावर न दिसल्यासारखं करणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं. त्यांनी पिशवीतून वजनं काढली, तीन वेळा पडताळणी केली, पंचनामा लिहिला आणि काट्याला लाल लाखेचं सील ठोकलं. कारकून सगळा वेळ हाताची घडी घालून उभा होता.

"झालं साहेब?"

"झालं."

"आता तुमचं पार्सल कशावर मोजू?"

साहेबांनी सीलकडे पाहिलं; लाख अजून ओली होती.

"काटा पुन्हा चालू करून द्यायचा अधिकार कोणाचा असतो?" कारकुनाने अदबीने विचारलं.

"या भागाच्या निरीक्षकाचा."

"ते कोण?"

"मी."

"मग द्या करून. पाच मिनिटांचं काम."

"देता येत नाही," साहेब म्हणाले. "माझंच पार्सल अडकलंय, म्हणजे माझा हितसंबंध आला. शेजारच्या विभागाचे निरीक्षक यायला हवेत."

शेजारच्या विभागाचे निरीक्षक मुलीच्या लग्नाच्या रजेवर होते. अकरा दिवस पार्सल कचेरीतून कोणाचंच काही बाहेर पडलं नाही. कोणाचा पाण्याचा पंप होता, कोणाची औषधं होती, एका म्हाताऱ्या गृहस्थांचं ऐकायचं यंत्र होतं. साहेब रोज चौकशीला जायचे आणि रांगेतले लोक त्यांना वाट करून द्यायचे, पण ती आदराने नव्हे. ऐकायचं यंत्र अडकलेले गृहस्थ तर मोठ्याने विचारत, "हाच का तो?" आणि ते सगळ्यांना ऐकू जाई, त्यांना स्वतःला सोडून.

बाराव्या दिवशी खोगीर घरी आलं. बैठकीच्या खोलीत कोचाच्या हातावर ठेवलं तेव्हा ते फार देखणं दिसत होतं. मेहुणा त्यावर बसला, शिंपी बसला, मुख्याध्यापकांनी बसून एक पाय हलवून पाहिला. कोचाला ते अगदी मापाचं होतं. घोडीला मात्र नव्हतं. तिच्या पाठीवर ठेवल्याबरोबर ते पुढेमागे डुलायला लागलं; पुढे टेकलं की मागे उचलायचं, मागे दाबलं की पुढे. मधोमध ते थेट कण्यावर बसत होतं. घोडीने मागचा पाय आपटला आणि साहेबांनी ते झटकन उचलून घेतलं.

परत पाठवायचं तर मूळ खोका लागणार होता आणि खोक्यावर पार्सल कचेरीने 'विवादित' असा शिक्का मारला होता. कंपनीने कळवलं की विवादित माल परत घेता येत नाही. खोगीर कोचावरच राहिलं. पाहुणे आले की त्यांना खुर्चीवर बसवावं लागे.

शेवटी तबेलेवाल्यानेच पत्ता दिला. छापखान्यामागच्या गल्लीत एक बाई खोगिरं शिवत. बापाचा धंदा त्यांनी चाळीस वर्षं चालवला होता, आणि सगळे त्यांना मावशी म्हणत. साहेब आपल्या मोजपट्ट्या, सूक्ष्ममापी आणि भिंग घेऊन गेले. खोली लहान होती. चामड्याचा आणि तेलाचा वास, कोपऱ्यात लोकरीची दोन पोती, भिंतीवर ओळीने टोचे, आणि मधोमध घोड्याच्या पाठीसारखी लाकडी घोडी, जिच्यावर अर्धं शिवलेलं खोगीर होतं. मावशी मेण लावलेला दोरा दातांनी तोडत होत्या.

साहेबांनी चामड्याचा तुकडा वाकवून भेगा पडतात का पाहिलं. पडल्या नाहीत. वास घेतला. मग भिंग लावून टाके मोजले.

"बोटाला सात टाके," ते म्हणाले. "बाहेरच्या पाटीवर आठ लिहिलंय."

"आठच आहेत. भिंग पुसा," मावशी मान वर न करता म्हणाल्या.

साहेबांनी भिंग पुसलं. आठ होते. याचाही त्यांना संशयच आला.

"किती दिवस लागतील, आणि काय घ्याल?"

"घोडी बघितल्याशिवाय सांगत नाही."

"अंदाजे?"

"अंदाजे तुम्ही आधीच एक घेऊन बसलाय असं ऐकलं."

दुसऱ्या दिवशी मावशी तबेल्यात आल्या. आल्या आल्या त्यांनी काही केलं नाही. घोडीच्या खांद्याला टेकून नुसत्या उभ्या राहिल्या. घोडीने त्यांचा दंड धरला नाही हे साहेबांच्या लक्षात आलं आणि ते त्यांना बोचलं. मग मावशींनी शिशाची मऊ तार काढली, घोडीच्या पाठीवर तीन ठिकाणी दाबून तिचा बाक उतरवून घेतला आणि तो तपकिरी कागदावर आखला.

"पुढे या उंचवट्यावर दोन-तीन बोटं फट हवी," त्या सांगत होत्या. "मधला कणा अख्खा मोकळा. मागे शेवटच्या बरगडीच्या पलीकडे जायचं नाही. आणि चालताना हे खांद्याचं हाड मागे सरकतं, त्याला वाट सोडायची. एवढं झालं की झालं."

एवढं झालं की झालं! साहेबांना हे फारच सोपं वाटलं, म्हणजे कुठेतरी पाणी मुरत असणार. संध्याकाळी त्यांनी स्वतःची तार नेऊन मापं घेतली. अर्ध्या बोटाचा फरक आला. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा घेतली, तर तिसराच आकडा. साहेब तिन्ही कागद घेऊन मुख्याध्यापकांसह छापखान्यामागच्या गल्लीत हजर झाले. मुख्याध्यापक साक्षीदार होते.

"तीन मापं, तीन आकडे," साहेब म्हणाले. "खुलासा करा."

मावशींनी कागद पाहिले. "तुम्ही माप घेत होता तेव्हा घोडी काय करत होती?"

"चारा खात होती."

"मान खाली?"

"चारा जमिनीवरच असतो."

"मान खाली गेली की पाठ वर येते. आणि दुसऱ्या वेळी एक पाय टेकवून उभी असेल, आराम करत. मान समोर हवी, चारी पाय सारखे हवेत." त्यांनी कागद परत दिले. "आणि साहेब, घोडी म्हणजे तुमचं पितळी वजन नाही. महिनाभर कोणी बसलं नाही तर पाठ उतरते, काम केलं की भरते. म्हणून तर मी आत लोकर भरते. वर्षातून एकदा उघडून काढता-घालता येते."

मुख्याध्यापक म्हणाले, "पटतंय," आणि साहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते बाहेर जाऊन उभे राहिले.

साहेब मात्र त्या दिवशी जरा हलले. माप बदललं की कोणीतरी लबाडी केली, या एका गोष्टीवर त्यांची तीस वर्षं उभी होती. आकडा बदलावा आणि कोणीच खोटं बोललेलं नसावं, ही व्यवस्था त्यांना अजिबात आवडली नाही.

महिन्याभराने खोगीर तयार झालं. तबेल्यात ते पाहायला पत्नी, मेहुणा, मुख्याध्यापक, शिंपी, सगळे जमले. मावशींनी ते घोडीच्या पाठीवर ठेवलं, हलकेच मागे सरकवून जागेवर बसवलं, पोटाखालून पट्टा आवळला. ते ना डुललं, ना टेकलं. खाली हात घालून पाहिला तर सगळीकडे सारखा दाब लागत होता. साहेबांनी तीनदा हात घातला. काही सापडेना, तसतसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

मग ते ओट्यावरून घोडीवर बसले आणि एक फेरी मारून आले. खोगीर दोन बोटं डावीकडे सरकलं होतं.

"हां!" साहेब ओरडले. गेल्या दोन महिन्यांत ते एवढे खूश कधी झाले नव्हते. "बघा! सगळ्यांनी बघा! वाकडं आहे. मला पहिल्या दिवसापासून संशय होता."

मावशींनी खोगीर पुन्हा जागेवर बसवलं आणि तबेलेवाल्याला बसायला सांगितलं. तो फेरी मारून आला. खोगीर जागच्या जागी होतं.

"हा सराईत आहे," साहेब म्हणाले. "सावरून घेत असेल."

"मग ताई, तुम्ही बसा," मावशी साहेबांच्या पत्नीला म्हणाल्या.

"मी? अहो, मी कधी—" म्हणता म्हणता तिघांनी मिळून त्यांना वर चढवलं. त्या दोन्ही हातांनी खोगीर धरून, डोळे मिटून बसल्या होत्या. तबेलेवाल्याने घोडीला हाताने धरून फिरवलं. खोगीर जागच्या जागी होतं, आणि घोडीचे कान पुढे उभे होते. "छान आहे हो ही," पत्नी एक डोळा उघडून म्हणाल्या.

साहेब पुन्हा बसले. खोगीर पुन्हा डावीकडे सरकलं. घोडीचे कान मागे गेले.

मावशींनी साहेबांना आपल्याबरोबर कारखान्यात नेलं, मागून सगळी वरात आलीच, आणि लाकडी घोडीवर त्यांना बसवून त्यांच्या पाठीमागे छताच्या खिळ्याला एक ओळंबा टांगला. दोरा लाकडी घोडीच्या मधोमध खाली आला, साहेबांच्या कण्याच्या तीन बोटं उजवीकडून. सबंध साहेब दोऱ्याच्या डावीकडे होते.

"ओळंब्यात चुंबक असेल," साहेब म्हणाले. पण त्यांनाच ते पटलं नाही. उतरून त्यांनी ओळंबा हातात घेतला, फिरवून पाहिला, सोडून पाहिला. दोरीला बांधलेलं एक लोखंड होतं ते. ते खाली जात होतं.

"लग्नाच्या फोटोतही असेच आहेत," पत्नी हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, माझ्याकडे कललेत."

मेहुणा हसला. नेहमीप्रमाणे साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबतील असं सगळ्यांना वाटलं. पण साहेब लाकडी घोडीजवळ उभेच राहिले, हातातला ओळंबा खाली ठेवायचं विसरून.

"पांढरे केस डावीकडेच आहेत," ते म्हणाले.

"हो," मावशी म्हणाल्या.

"जुन्या खोगिराचा सांगाडा?"

"तो तबेल्यात पाहिला मी. डावीकडेच मोडलाय."

"म्हणजे चार वर्षं ती…" चार वर्षं ती आपल्याला बिनतक्रार वाहून नेत होती, आणि पहिल्यांदा तक्रार केली तेव्हा आपण तिला कोणी शिकवलं याची चौकशी करत बसलो, हे त्यांच्या मनात आलं, आणि ते सगळ्यांसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

मावशी जवळ आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका. बरेच जण असे असतात. डावीकडे मूठभर लोकर जास्त भरून देते. खोगीर तुम्हाला उचलून धरेल, तुम्ही सरळ दिसाल, कोणाला कळणार नाही."

"आणि तिला?"

"तिला कळेल," मावशी म्हणाल्या. "भार तिच्याच पाठीवर राहणार. दुसऱ्या जागी, एवढंच."

साहेब ताठ झाले, निदान त्यांच्या मते. "बाई, मी तीस वर्षं काट्याखाली लोकांनी घातलेलं काढत आलो. आता माझ्याच खोगिराखाली घालू? खोगीर सरळ आहे तसंच राहू दे. जे वाकडं आहे ते दुरुस्त होईल."

दुरुस्तीला सात आठवडे लागले. मावशींनी एक जुनी लाकडी घोडी दिली, ती बैठकीच्या खोलीत आली, आणि कोचावरच्या वादग्रस्त खोगिराला प्रथमच काही उपयोग मिळाला. साहेब रोज सकाळी कचेरीला जाण्याआधी आणि आल्यावर अर्धा तास त्यावर बसत. पत्नी मागे उभ्या राहून ओळंबा धरत आणि "उजवीकडे… अजून… आता फार झालं" असं सांगत. लग्नाला तीस वर्षं होऊन गेल्यावर नवरा रोज तासभर निमूट आपलं ऐकतो आहे, हे त्यांना इतकं आवडलं की सातव्या आठवड्यानंतरही त्यांना तीन बोटं फरक दिसतच होता. साहेबांना संशय आला. त्यांनी मुख्याध्यापकांना बोलावून पडताळणी करून घेतली. फरक अर्ध्या बोटावर आला होता.

त्या रविवारी सकाळी साहेब तबेल्यात गेले. आधी डॉक्टरीणबाईंनी पाठ दाबून पाहिली. कातडी थरथरली नाही. मग साहेब खोगीर घेऊन घोडीसमोर उभे राहिले. पाठीवर टाकलं नाही. घोडीने कान मागे नेले, अर्धेच. मान पुढे केली. खोगिराच्या कडा हुंगल्या, पट्टा हुंगला, खालचं लोकरीचं अस्तर नाकाने उचलून पाहिलं. मग साहेबांचा दंड हुंगला, तोच, ज्याला ती चावली होती. साहेबांनी तो मागे घेतला नाही.

"घाई नको," ते म्हणाले. "नीट पाहून घे."

तिने भरपूर वेळ घेतला. तबेलेवाल्याच्या दोन बादल्या भरून झाल्या. शेवटी तिने एक लांब श्वास सोडला आणि समोर बघत उभी राहिली. साहेबांनी खोगीर चढवलं, ओट्यावरून अलगद बसले आणि मैदानाला एक फेरी मारली. पत्नी कुंपणापाशी उभ्या राहून "उजवीकडे! उजवीकडे!" ओरडत होत्या. साहेब परत आले, उतरले आणि वाकून पाहिलं. खोगीर जागच्या जागी होतं.

तबेलेवाला जवळ आला. "बसला म्हणायचा तिचा विश्वास, साहेब."

काटासाहेबांनी घोडीकडे पाहिलं. तिचा एक कान पुढे होता आणि एक अजून मागे, त्यांच्याकडे वळलेला.

"विश्वास नाही," ते समाधानाने म्हणाले. "तात्पुरता परवाना आहे. पुढच्या रविवारी पुन्हा तपासणी."